भंगारातील सुट्या भागांचा सीएनसी राउटर: वाय अक्ष पावले गाळतो, मदत हवी आहे

जुन्या प्रिंटरमधील चार वायरींच्या स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) मोटरी आणि संगणकाचा 12 व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) वापरून मी प्लायवूड कोरण्यासाठी लहान सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञांवर चालणारे कोरण्याचे यंत्र) जुळवला असून, नियंत्रणासाठी आर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डवर जीआरबीएल हे सॉफ्टवेअर व मोटरींना करंट देणारे ए4988 ड्रायव्हर आहेत. अक्ष सरकवणाऱ्या लीड स्क्रूऐवजी हार्डवेअरच्या दुकानातील 8 मिमीचा आट्यांचा रॉड आहे (तो सरळ आहे, काचेवर लोळवून पाहिला). त्याची पिच (दोन आट्यांमधील अंतर) 1.25 मिमी असल्याने, मोटरच्या एका फेरीला 200 पावले आणि प्रत्येक पावलाचे 16 मायक्रोस्टेप (बारीक भाग) धरून, मिलिमीटरला 2560 पावले पडतात. बिट (कोरणारे पाते) लाकडाला न टेकवता चालवल्यास मापे बरोबर येतात. लाकडात शिरताच मात्र वाय अक्ष (यंत्राची पुढे-मागे सरकणारी दिशा) मागे राहतो आणि वर्तुळाची टोके जुळत नाहीत. मोटरींवर करंटचा आकडा छापलेला नाही. अशा वेळी मोटर न जाळता ड्रायव्हरची करंट मर्यादा कशी ठरवावी? मायक्रोस्टेप कमी करावेत, की आधी 24 व्होल्टचा पुरवठा घ्यावा?