तरुणांची उपासना वेगळी करावी का? मंडळीत ठराव येतोय, मतं हवीत

गव्हाचा दाणा

सर्वांना सलाम. आमची मंडळी (चर्च) पिंपरी-चिंचवडमधली, मराठी प्रॉटेस्टंट. माझ्या लहानपणी चाळीसेक घरं होती. बहुतेक नगर जिल्ह्यातून कारखान्यांत कामाला आलेली. आता दीडशेच्या वर कुटुंबं आहेत, नाताळात निम्मी माणसं मांडवात बसतात. पुढच्या महिन्यात जनरल बॉडीपुढे ठराव आहे: साडेआठला नेहमीची उपासना, साडेदहाला तरुणांची वेगळी. तिथे गिटार, ड्रम, हिंदी-इंग्रजी गीतं, पडद्यावर शब्द. जागाही पुरेल आणि कुरबुरीही थांबतील असं कमिटीला वाटतं.

माझा विरोध आहे. जागा अपुरी आहे तर दोन उपासना घ्या, पण वयावरून माणसं वाटू नका. गेल्या प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) माझी चौदा वर्षांची मुलगी शेजारच्या बाकावरच्या आजींना हाताला धरून वेदीपर्यंत घेऊन गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोघी वेगवेगळ्या वेळी येऊ लागल्या तर एकमेकींना ओळखणारसुद्धा नाहीत.

पेटीमास्तर

मी ठरावाच्या बाजूने आहे, आणि माझं वय ६८. पस्तीस वर्षं उपासनेत पेटी वाजवतोय. ड्रम सुरू झाला की गीताचा शब्द ऐकू येत नाही, आणि आपली गीतं शब्दांवरच उभी आहेत. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हणताना माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते अर्थानं. मुलांना ते नको असेल तर त्यांनी त्यांचं करावं. आम्हाला उरलेली वर्षं शांतपणे भक्ती करू द्या. दर रविवारी भांडून प्रभुभोजनाला बसण्यापेक्षा वेगळं बसलेलं बरं.

शब्बाथशाळेची ताई

काका, मीही ठरावाच्या बाजूने, पण तुमच्या कारणासाठी नाही. मी २६ वर्षांची. टिळकांचंच उदाहरण घ्या. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मंडळ्यांत बरीच गीतं इंग्रजीवरून भाषांतरित केलेली, विलायती चालीवर म्हटली जायची. टिळकांनी अभंग, ओवी, भजन उपासनेत रुजवलं. तेव्हा ते नवंच होतं ना? १९१७ मध्ये तर मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाची वेगळी भक्तमंडळी काढली. वेगळी वाट धरणं म्हणजे मंडळी फोडणं नव्हे.

पेटीमास्तर

ताई, इथेच तुमची गल्लत होते. टिळकांनी आणलं ते ज्ञानोबा-तुकोबांच्या मातीतलं होतं. तुम्ही आणता ती परदेशी मंडळ्यांची गीतं आणि त्यांची हिंदी भाषांतरं. म्हणजे टिळकांनी ज्यातून आपल्याला बाहेर काढलं, तिथेच तुम्ही परत नेताय.

गव्हाचा दाणा

दरबाराबद्दल एक. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. टिळकांनी उंबरठा रुंद केला. आपला ठराव तो अरुंद करतोय.

शब्बाथशाळेची ताई

पेटीमास्तर काका, तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. पण माझी बाजूही ऐका. माझ्या वर्गातली मुलं इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी बोलतात, पण 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलं की पहिली ओळ वाचेपर्यंत तिसरं कडवं संपलेलं असतं. मग ती नुसती उभी राहतात आणि मागे कुजबुज होते की आजच्या पोरांना भक्तीच नाही. पडद्यावर शब्द मागितले ते यासाठी. कुणी विचारलं का आम्हाला?

आणि दोन वर्षांपूर्वी मी एक मराठी गीत लिहिलं होतं. विषय येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी, चाल भूपाळीच्या वळणाची. कमिटीचं उत्तर आलं, "पुस्तकात नाही." त्यानंतर मी मराठीत लिहिलं नाही. मातीतलं हवं म्हणता, पण उगवू कुठे द्यायचं?

मराठवाडी

सगळं वाचलं. राहवत नाही म्हणून लिहितो. आम्ही जालन्याहून तीन वर्षांपूर्वी आलो. दर रविवारी येतो, अर्पण देतो. गावच्या मंडळीचं पत्र आणून दिलंय, तरी नाव अजून यादीत नाही. म्हणजे या ठरावावर मला मतच नाही. चहाच्या वेळी अजून "पाहुणे" म्हणतात. मंडळी वाढली म्हणून अडचण झाली म्हणता, त्या वाढीत आम्हीच आहोत. जुनी पिढी की नवी, यात आमचं घर कुठे बसतं? माझी आई सत्तरीची आहे. तिला पेटी आवडते, पण इथल्या चाली तिच्या नाहीत, म्हणून ती गप्प असते.

निवृत्त बाई

मराठवाडी दादा, तुमच्या लिहिण्यावरून बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आठवला. तिथेही तक्रार सुरू झाली ती शिष्य वाढत होते तेव्हाच. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होत होती. बारा प्रेषितांनी काय केलं? वेगळी पंगत मांडली नाही. सात माणसं नेमली, आणि सातही नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्पापासून निकलावापर्यंत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती कारभार दिला. आपल्या कमिटीत तिशीच्या आतलं कोण आहे? गेल्या दहा वर्षांत बाहेरून आलेल्या घरातलं कोण?

पेटीमास्तर

बाई, शास्त्र दोन्ही बाजूंनी आहे. इस्राएलच्या रहबाम राजानं वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकला, बरोबरीच्या तरुणांचं ऐकलं आणि राज्य दुभंगलं. पहिले राजे, बारावा अध्याय.

निवृत्त बाई

मास्तर, तोच अध्याय पुन्हा वाचा. त्या वडीलधाऱ्यांचा सल्ला होता की आज लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल. लोक तर ओझं हलकं करा एवढंच मागत होते. ओझं वाढवा म्हणणारे तरुण होते. वडीलधाऱ्यांचा मान त्या कथेत नमतं घेण्यात आहे.

आणखी एक. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बाप्तिस्मा बाळपणी द्यावा की कळत्या वयात, यावरही एकमत नव्हतं. दोन्ही पद्धती ठेवल्या आणि मंडळी एक ठेवली. बाप्तिस्म्यावर जे जमलं ते ड्रमवर जमू नये?

गव्हाचा दाणा

मराठवाडी दादा, मला लाज वाटली. मी एवढं लिहिलं, पण यादीचा प्रश्न माझ्या ध्यानातही नव्हता. ठरावाला मी दुरुस्ती मांडणार आहे: आधी राहिलेली नावं यादीत घ्यावीत, मग कमिटीत दोन जागा तिशीच्या आतल्यांना आणि एक नव्या घरांतल्या माणसाला. उपासनेच्या वेळा त्या कमिटीनं ठरवाव्यात.

शब्बाथशाळेची ताई

दुरुस्तीला पाठिंबा. पण नव्या कमिटीत गेले तरी मी साडेदहाची उपासना मागेनच. आमची मुलं आणखी दोन वर्षं गप्प उभी राहिली तर ती येणं सोडतील.

पेटीमास्तर

माझं मत बदललेलं नाही, वेगळी उपासना बरी. पण ते "पुस्तकात नाही" हे उत्तर चुकीचं होतं. तेव्हा कमिटीत मी होतो, मला आठवतंय, आणि मी काही बोललो नाही. ताई, गीताचा कागद अजून असेल तर शनिवारी तालमीला आणा. मराठवाडी, आईंनाही घेऊन या. त्यांच्या चाली मला पेटीवर बसवून घ्यायच्या आहेत.