पद्मिनी तीन नंबरला मिसिंग मारते : कार्बोरेटर की इग्निशन?

रंकाळा_पद्मिनी

नमस्कार मंडळी. गाडी १९८९ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, पॉइंटचं इग्निशन (उघडमिट होणाऱ्या संपर्कांवर ठिणगी पाडणारं). आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मधूनच एखादा ठोका गाळते, सायलेन्सरमधून फुप् फुप् येतं. हायवेला सपाटीवर बरी चालते, पण पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके सुरू. पावसाळी सकाळी जास्त. चारही प्लग नवे टाकले, गॅप ०.६ मिमी, फरक शून्य. तीन नंबरच्या सिलिंडरचा प्लग काळा-ओला निघतो, बाकीचे तपकिरी. गॅरेजवाले म्हणतात कार्बोरेटर ओव्हरऑल करू. खर्च करण्याआधी घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर, फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या), टायमिंग लाईट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) हाताशी आहे.

उद्यमनगर_फिटर

कार्बोरेटरला अजून हात लावू नका. तो चारही सिलिंडरला मिळून पेट्रोल देतो. तो बिघडला असता तर चारही प्लग काळे झाले असते, एकटा तीन नंबर नाही. मॅनिफोल्डचं गॅस्केट तीन नंबरपाशी हवा ओढत असेल असं म्हणावं, तर प्लग पांढरा पडतो, ओला नाही.

आधी तो प्लग हुंगून बघा. पेट्रोलचा वास आणि पातळ ओल म्हणजे पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. चिकट, तेलकट ओल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाईडमधून ऑइल वर येतंय, मग विषय वेगळा. कोरडी काजळी असेल तरच मिश्रण जास्त घट्ट.

पेट्रोलचाच वास असेल तर टायमिंग लाईट काढा. क्लिप तीन नंबरच्या वायरवर लावा, आयडलला ठेवा आणि ठोका गाळतो त्या क्षणी लाईटकडे बघा. लाईटही गाळला तर ठिणगी त्या वायरपर्यंत येतच नाही. लाईट अखंड चालू आणि इंजिन तरी गाळतंय, तर प्लग, प्लगची कॅप किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). मग क्लिप कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारा भाग) मधल्या वायरवर लावा. तिथेही गाळत असेल तर दोष कॉइल, पॉइंट, कंडेन्सर यांच्यात, म्हणजे चौघांच्या सामाईक भागात. मधली वायर ठीक आणि तीन नंबरच गाळतोय, तर डिस्ट्रिब्युटरची (चारही सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) कॅप किंवा तीन नंबरची स्वतःची वायर. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धी गाडी संशयातून सुटते.

लाईट नसला तरी अदलाबदल करता येते. तीनचा प्लग दोनला, दोनचा तीनला. दोष प्लगबरोबर दोनला गेला तर प्लग, तिथेच राहिला तर पुढचा संशयित. वायर लांबीला पुरत असतील तर त्याही तशाच बदला. एकेक वायर काढून आरपीएम किती पडतो हे बघायचं असेल तर काढलेली वायर हवेत लोंबकळत ठेवू नका. जादा प्लग लावून त्याची बॉडी इंजिनला टेकवा. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइलचा दाब चढतो आणि ती रोटर (कॅपच्या आत फिरणारा भाग) किंवा कॅप फोडून वाट काढते. फार वेळही चालवू नका, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं.

ठिणगी_आणि_ठोका

वरचं सगळं बरोबर, पण चढाला झटके हा वेगळा धागा आहे, तो सोडू नका. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्याच ०.६ च्या गॅपमधून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त ठिणगी सपाटीला निभावून नेते आणि घाटात उघडी पडते. म्हणून सामाईक बाजूही मोजाच.

इग्निशन चालू, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले. मीटरची लाल पिन कॉइलच्या मायनसवर, काळी इंजिनच्या कोऱ्या लोखंडावर. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त आलं तर पॉइंट कळकट, किंवा बेसप्लेटची बारीक अर्थ वायर तुटलेली. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम अॅडव्हान्स (इंजिनच्या ओढीवर टायमिंग पुढे-मागे करणारी सोय) असतो तिथे प्लेट सारखी हलते आणि आतली वायर इन्सुलेशनच्या आत तुटते. बाहेरून अखंड दिसते, पण पाय दाबला की सुटते. हाताने प्लेट फिरवत मीटर बघितल्याशिवाय सापडत नाही.

पॉइंट एमरी पेपरने घासू नका. खडे धातूत रुततात आणि तेच इन्सुलेटर होतात. पॉइंट फाईलने एकदोन हात, मग पेट्रोलमध्ये भिजवलेलं साधं व्हिजिटिंग कार्ड मधून ओढा. नव्या पॉइंटवरही तेलाचा पातळ थर असतो, तोही पुसावा लागतो. एकावर खड्डा आणि समोरच्यावर टेकाड दिसलं तर कंडेन्सरवर संशय घ्या. तो ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडमध्ये यायला हवा. हल्ली दुकानात मिळणारे काही कंडेन्सर पाकिटातूनच खराब निघतात, म्हणून जुना चांगला असेल तर फेकू नका, टूलकिटमध्ये ठेवा.

पॉइंटचा गॅप ०.४ मिमीच्या आसपास, कॅमच्या चारही टोकांवर मोजा. टोकाटोकात ०.०५ पेक्षा जास्त फरक दिसला तर शाफ्टचं बुश झिजलंय, तिथे गॅप कितीही लावा, टिकणार नाही. शाफ्ट आडवा हलवून बघितलं तरी कळतं. आणि क्रम विसरू नका : आधी गॅप, मग टायमिंग. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. पॉइंटची कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की उलटं होतं. कॅमवर ग्रीस काडीच्या गुलाएवढंच, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं.

शिरोली_टॅपेट

वरच्या दोघांचं मान्य, पण कॉम्प्रेशन आधी बघा. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजला असेल तर इग्निशनवर कितीही दिवस घालवा. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, मग कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टरने क्रँक. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं. १५ टक्क्यांवर गेला तर चमचाभर ऑइल घालून परत मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. दोन शेजारी सारखेच पडले तर हेड गॅस्केट. टॅपेट टाईट (व्हॉल्व्हची फट कमी) असतील तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तेही बघून घ्या.

आणि पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. आपल्याच साखर कारखान्यांचं इथेनॉल, पण १९८९ च्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि नळ्या एकदा दाबून बघा. मऊ, फुगलेल्या वाटल्या तर बदला. तुमच्या मिसिंगचं कारण ते नसावं, तरी बदला.

रंकाळा_पद्मिनी

सगळं केलं, आकडे देतो. कॉम्प्रेशन चौघांत ७ टक्क्यांच्या आत. टायमिंग लाईट मधल्या वायरवर अखंड, तीन नंबरवर गाळतो. वायरचा रेझिस्टन्स : एक ९ किलोओहम, दोन ८.५, चार ८. तीन नंबरची ३८, आणि वाकवली की मीटर उड्या मारतो. कॅपच्या आत तीनच्या टोकापासून स्क्रूकडे पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ. रात्री अंधारात स्प्रे बाटलीने पाणी मारलं तर तिथेच निळं चमकतं. कॉइलच्या मायनसवर पॉइंट मिटलेले असताना ०.९ व्होल्ट. कॅप मागवली आहे, वायर पुढच्या महिन्यात टाकली तर चालेल?

उद्यमनगर_फिटर

नाही ओ, तिथेच घोटाळा होईल. आधी वायर तुटली, मग कॅप जळली. वायरमधून जाता येईना म्हणून ठिणगीने कॅपच्या आतून स्क्रूकडे वाट काढली. ती रेघ म्हणजे जळून कोळसा झालेलं बॅकेलाईट, त्यातून वीज वाहते आणि दमट हवेत आणखी सहज वाहते. तुमचा पावसाचा त्रास तोच. नुसती कॅप टाकली आणि वायर तीच ठेवली तर नव्या कॅपवरही तशीच रेघ उमटेल. पूर्ण वायर सेट, कॅप आणि रोटर एकदम टाका. रोटरच्या खालच्या बाजूला शाफ्टकडे जळल्याचा ठिपका आहे का तेही बघा. जुनी रेघ खरवडून चालवायचा सल्ला कोणी देईल, चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

ठिणगी_आणि_ठोका

०.९ व्होल्ट किरकोळ वाटतात, पण हिशोब बघा. १२ व्होल्टपैकी ०.९ पॉइंटवरच गेले, कॉइलला ११.१ उरले. कॉइलमधली ऊर्जा करंटच्या वर्गावर चालते, म्हणजे साधारण १४ टक्के ठिणगी तिथेच गेली. चढाला झटके द्यायला त्याचाही हात आहे. पॉइंट नवे घ्या, अर्थ वायर बदला.

कॉइलही मोजून ठेवा : प्रायमरी ३ ओहमच्या आसपास. १.५ आली तर ती बॅलास्ट रेझिस्टरची (करंट आवरणारा रेझिस्टर) कॉइल आहे. रेझिस्टरशिवाय लावली असेल तर कॉइल तापते आणि पॉइंट दर दोन महिन्यांनी जळतात.

शिरोली_टॅपेट

एवढं करण्यापेक्षा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवून टाका की.

ठिणगी_आणि_ठोका

बसवा, पण आधी शाफ्टचं बुश तपासून. शाफ्ट डुलत असेल तर मॉड्यूलचं टायमिंगही तितकंच डुलतं. आणि मॉड्यूल वाटेत गेलं तर गगनबावड्याच्या घाटात ते मिळणार नाही. पॉइंट मात्र कार्ड आणि फीलर गेजवर परत उभे राहतात.

रंकाळा_पद्मिनी

कॅप, रोटर, वायर सेट, पॉइंट सगळं एकदम टाकतो मग. बसवताना काय सांभाळायचं?

उद्यमनगर_फिटर

जुनी कॅप शेजारी धरा आणि एकेकच वायर नवीवर हलवा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. दोन आणि तीन अदलाबदल झाले तर कार्बोरेटरमधून भडका येईल. तीन नंबरची वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकू देऊ नका, क्लिपमध्ये अडकवा. बहुधा जुनी तिथेच भाजली असणार, काढल्यावर इन्सुलेशन चुरगळून बघा. शेवटी परत मायनसवर व्होल्ट मोजा. ०.३ च्या आत आलं की टायमिंग लावा आणि मगच चढाला काढा.