तिशीनंतर मेडिसिन: फाउंडेशन वर्षाच्या वाटेने जावं का?

सातारची_लेक (लेस्टर)

नमस्कार मंडळी. माझं वय ३३. सातारा जिल्ह्यात कला शाखेतून बारावी झाले आणि २०१० ला शिक्षण थांबलं. २०१४ मध्ये लग्न होऊन इंग्लंडला आले, आता इथली नागरिक आहे. एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात हेल्थकेअर असिस्टंट म्हणून काम करते. मुलं नऊ आणि सहा वर्षांची.

मला डॉक्टर व्हायचं आहे. बेत असा: यंदा संध्याकाळच्या वर्गात गणित आणि इंग्रजीची जीसीएसई (इथली दहावीच्या पातळीची परीक्षा). पुढच्या वर्षी मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेला ॲक्सेस डिप्लोमा, त्यातही मेडिसिनसाठीचा. ऑक्टोबर २०२६ मध्ये यूकासचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाचा, अर्ज. आणि २०२७ ला सहा वर्षांच्या मेडिसिनला, म्हणजे ज्यात पहिलं वर्ष फाउंडेशनचं असतं त्याला प्रवेश.

माझं मत ठाम आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ मध्ये आणि पाठोपाठ साउथॅम्प्टनने असे वाढीव कोर्स काढले, ते ज्यांच्या घरात कोणी विद्यापीठात गेलं नाही, ज्यांना चांगली शाळा मिळाली नाही, अशांसाठी. मी त्यातलीच आहे. माझे आईवडील शेतमजूर, घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. तरी इथले आपले लोक एकच विचारतात: 'या वयात?' वयाखेरीज दुसरं कारण कोणाकडे असेल तर मला ते खरंच ऐकायचं आहे.

डॉ_नॉर्विच

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझा विरोध वयाला नाही, या विशिष्ट वाटेला आहे.

शिक्षणातल्या विषमतेवर काम करणाऱ्या सटन ट्रस्टच्या अहवालात आलं होतं की २०२१ मध्ये मेडिसिनला लागलेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के मुलं सर्वांत खालच्या आर्थिक थरातून आली होती. गेटवे किंवा फाउंडेशनच्या, म्हणजे अशा वाढीव कोर्सच्या, जागा एकेका विद्यापीठात मोजक्याच असतात. त्या जागेवर ब्रॅडफर्डच्या किंवा ग्रेट यार्मथच्या सरकारी शाळेतला, फुकटच्या शालेय जेवणावर वाढलेला अठरा वर्षांचा मुलगा बसावा असं मला वाटतं. त्याला दुसरं दार नाही. तुम्हाला आहे. आमच्या जवळ किंग्ज लिनला कॉलेज ऑफ वेस्ट अँग्लियाचा मेडिसिनसाठीचा ॲक्सेस कोर्स आहे. तो करून थेट पाच वर्षांच्या कोर्सला गेलेल्या डॉक्टरांबरोबर मी काम केलंय, आणि ते उत्तम आहेत.

मग ॲक्सेसही करायचा आणि फाउंडेशनही करायचं, हे कशासाठी? दोन्हीकडे तेच रसायनातलं मोल, तेच आम्ल-अल्कली, तीच पेशी. तुमच्या वयाला एक वर्ष महाग आहे.

आता पुढचं गणित. २०२७ ला प्रवेश, २०३३ ला पदवी, तेव्हा तुम्ही ४१. मग दोन वर्षं एफ-वन, एफ-टू, म्हणजे पदवीनंतरचं पगारी प्रशिक्षण. मग जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, व्हायचं तर आणखी तीन. म्हणजे ४६. आणि २०२५ मध्ये स्पेशालिटी प्रशिक्षणाच्या सुमारे दहा हजार जागांसाठी तीस हजारांच्या आसपास डॉक्टर रांगेत होते. ही रांग तुम्ही पोचेपर्यंत ओसरेल असं कोणीही सांगू शकत नाही.

सातारची_लेक

डॉक्टर, त्या ५ टक्क्यांत मी अठराव्या वर्षी नव्हते आणि तेहेतिसाव्या वर्षीही नाही. गरिबी फक्त शाळकरी मुलांची मोजायची का?

४६ चं म्हणाल तर माझ्या पिढीला सरकारी पेन्शन सध्याच्या कायद्याने ६८ ला आहे. म्हणजे जीपी म्हणून बावीस वर्षं आणि एफ-वनपासून धरलं तर सत्तावीस वर्षं डॉक्टरकी. काही केलं नाही तरी मी ४६ ची होणारच.

गेटवेवाली (मिडलंड्स)

मी आत्ता त्याच वाटेवर आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. वय ३१, आधी पाळणाघरात नोकरी, आता फाउंडेशन संपवून पहिल्या वर्षात.

डॉक्टर म्हणतात तेच मोल, तीच पेशी. विषय तेच, पण शिकवणं वेगळं. ॲक्सेसमध्ये एकूण ६० क्रेडिट, त्यातली ४५ श्रेणी असलेली, आणि मेडिसिनवाले जवळपास सगळीकडे डिस्टिंक्शन मागतात. त्यामुळे अख्खं वर्ष असाइनमेंटच्या मुदती सांभाळण्यात जातं. डोकं श्रेणीवर असतं. फाउंडेशनला विद्यापीठाच्या आतल्याच शिक्षकांकडून रसायनशास्त्र, शरीरक्रिया, संख्याशास्त्र शिकलो. शोधनिबंध कसा वाचायचा ते शिकलो. जीपीच्या दवाखान्यात आणि वृद्धाश्रमात बसून रुग्णाशी बोलून आलो आणि त्यावर लिहिलं. पहिल्या वर्षाचे व्याख्याते, ग्रंथालय, शवविच्छेदनाची खोली, सगळं ओळखीचं झालं होतं. माझ्यासारखीला, जिने दहा-बारा वर्षं एक पानही टिपण काढलं नव्हतं, ते वर्ष मिळालं म्हणून मी टिकले. हे मी अगदी मनापासून सांगते.

पण वैदेहीताई (मागच्या धाग्यात तुम्हीच नाव सांगितलं होतंत म्हणून लिहिलं), एक सावधगिरी. सगळी विद्यापीठं एका मापाची नाहीत. काही गेटवे कोर्स नुकत्याच शाळा संपवलेल्यांनाच धरून आखलेत. शाळेचा पिनकोड, शाळेचा निकाल, शालेय जेवण असे निकष लावतात, आणि साताऱ्याच्या शाळेला त्यांच्या तक्त्यात रकानाच नसतो. काही ठिकाणी मात्र 'घरातली विद्यापीठात जाणारी पहिली पिढी' किंवा 'सरकारी भत्ता मिळणारं कुटुंब' हे निकष मोठ्या वयाच्यांनाही लागू होतात. प्रत्येक ठिकाणी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या 'हो, चालेल' ला काही अर्थ नाही.

आणि फाउंडेशनमधून पुढच्या वर्षात जाणं आपोआप होत नाही. ठरलेले गुण लागतात, पुन्हा वर्ष करायची मुभा सहसा नसते. हे विचारल्याशिवाय अर्ज करू नका.

हिशेबी (रेडिंग)

कोणी पैशाचं बोलत नाही म्हणून मी बोलतो.

वैदेहीताईंनी आधी कुठलीही पदवी घेतलेली नाही, हे या प्रकरणात त्यांच्या पथ्यावर पडलंय. त्यामुळे फीचं कर्ज मिळेल, त्याला वयाची अट नाही. २०२५-२६ ची फी ९,५३५ पौंड. पाचव्या वर्षापासून एनएचएस बर्सरी (सरकारी शिष्यवृत्ती) फी भरते. राहण्याखाण्याचं कर्ज त्याच वर्षी लंडनबाहेर जास्तीत जास्त १०,५४४ पौंड, पण ते नवऱ्याच्या उत्पन्नावर ठरतं. इथे बरेच जण फसतात, पूर्ण आकडा धरून चालतात. मुलांसाठी चाइल्डकेअर ग्रँट आहे, खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, तीही उत्पन्न बघूनच. ॲक्सेससाठी घेतलेलं ॲडव्हान्स्ड लर्नर कर्ज पुढे पदवी पूर्ण केली की माफ होतं, ही चांगली गोष्ट.

वाईट गोष्ट: पाचव्या वर्षापासून राहण्याचं कर्ज कमी दराने मिळतं. नेमकी तेव्हा क्लिनिकल प्लेसमेंट असते, दूरदूरच्या रुग्णालयांत जावं लागतं, वॉर्डातल्या शिफ्ट करून चार पैसे मिळवायला वेळ उरत नाही. ती शेवटची दोन वर्षं कशी काढणार, याचा कागद आजच करा. २५,००० पौंडांच्या वरच्या कमाईचे ९ टक्के, चाळीस वर्षांपर्यंत, ही परतफेड त्या मानाने छळत नाही. घरखर्च छळतो.

मीनल_स्लाव

'पथ्यावर पडलंय' हे वाचून पोटात गोळा आला. मी मुंबईची बी.कॉम. वीस वर्षांची असताना वडिलांनी सांगितलं म्हणून केलेली पदवी. इथे मी फार्मसी डिस्पेन्सर आहे. फाउंडेशन कोर्सना विचारलं तर बहुतेकांनी कळवलं, पदवीधरांना घेत नाही. पाच वर्षांच्या कोर्सला जायचं तर पहिली चार वर्षं फीचं कर्ज नाही, कारण परदेशातली असली तरी पदवी ती पदवी. ज्या पदवीने मला विज्ञानाचं एक अक्षर शिकवलं नाही, ती माझी वाट कायमची अडवणार? वैदेहीला मिळावं, नक्की मिळावं. पण हा नियम अन्यायाचा आहे आणि मी तसं म्हणणारच.

हिशेबी

मीनलताई, अन्याय आहे हे मान्य. पण तुमच्यासाठी चार वर्षांचा पदवीधरांचा कोर्स आहे. वॉरिक आणि स्वॉन्झी कुठल्याही शाखेची पदवी घेतात. प्रवेश परीक्षा वॉरिकला यूकॅट, स्वॉन्झीला गॅमसॅट. इंग्लंडच्या विद्यार्थिनीने पहिल्या वर्षी ३,४६५ पौंड पदरचे भरायचे, उरलेल्या फीचं कर्ज मिळतं, दुसऱ्या वर्षापासून एनएचएस काही भाग भरतं. तुमच्या बी.कॉम.चे टक्के इथल्या टू-वनच्या (पहिल्या वर्गाच्या खालोखालच्या श्रेणीच्या) बरोबरीचे धरतात का ते आधी विचारा. तिथे बऱ्याच जणांचं अडतं.

वॉर्डसिस्टर_लीड्स

मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. मला हा बेत हातचं सोडून पळत्यापाठी लागण्यासारखा वाटतो.

हेल्थकेअर असिस्टंटसाठी नर्सिंगची पदवी-अप्रेंटिसशिप आहे. पगार चालू राहतो, फी नाही, कर्ज नाही. बँड ५, म्हणजे नव्या नर्सच्या पगारश्रेणीची, सुरुवात २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंड होती. एफ-वनचा मूळ पगार तेव्हा ३८,८३१. या फरकासाठी घरातली सहा-सात वर्षं ओतायची? चाळिशीच्या आतच तुम्ही सिनियर नर्स असाल, पुढे ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिशनर होऊन औषधंही लिहून देऊ शकाल. मुलगा जीसीएसईला असेल तेव्हा आई घरी असेल. आपल्याकडे 'नर्स' म्हटलं की नाक मुरडतात, म्हणून डॉक्टरकीचं वेड घेऊ नये एवढंच.

सातारची_लेक

सिस्टर, राग मुळीच नाही. वॉर्डात मला शिकवलं ते नर्सनीच. नाक मी कधी मुरडलं नाही.

पण माझ्या मनातलं सांगते. रात्रपाळीला एखादी आजी एकदम गोंधळलेलं बोलायला लागते. मी नाडी, रक्तदाब, ताप, सगळं घेते, नर्सला सांगते, नर्स डॉक्टरला बोलावते. डॉक्टर येऊन विचार करतात: लघवीचा जंतुसंसर्ग आहे, सोडियम उतरलंय, की नवीन सुरू केलेल्या गोळीने झालंय? मला तो विचार करायचा आहे. 'हे का झालं' यापाशी माझं मन अडकतं. घरी येऊन मी ते वाचत बसते. पगाराच्या फरकासाठी मी हे करत नाहीये.

घरातल्या वर्षांबद्दल तुमचं म्हणणं मला लागलं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. नवरा पाठीशी आहे, सासूबाई सहा महिने येऊन राहायला तयार आहेत, पण आईची जागा भरून निघते असं मी म्हणणार नाही.

पुणेकर_मास्तर

भारतातून लिहितोय. नीट शिकवतो. आपल्याकडे २०२२ मध्ये नीटची वरची वयोमर्यादा काढून टाकली. त्याआधीही, न्यायालयाच्या आदेशामुळे मर्यादा अडवत नव्हती तेव्हा, २०२० मध्ये ओडिशातले एक निवृत्त बँक कर्मचारी ६४ व्या वर्षी नीट पास होऊन सरकारी मेडिकल कॉलेजात दाखल झाले होते. पण कला शाखेच्या मुलीला आपल्याकडे दार बंदच आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवंच. २०२३ च्या अखेरीस बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेण्याची सवलत आली, तीही ज्याच्याकडे मूळचं विज्ञान आहे त्याच्या उपयोगाची. माझ्या वर्गात दरवर्षी अशा एक-दोन मुली येऊन चौकशी करतात आणि परत जातात. एक वर्ष पायाभूत शिकवून मग एमबीबीएसला बसवायची सोय महाराष्ट्रात सरकारी पातळीवर असती तर गडचिरोली-नंदुरबारच्या मुलींना केवढा फरक पडला असता. त्यामुळे इंग्लंडमध्ये ती सोय आहे आणि तिथल्याच आपल्या डॉक्टरांनी 'घेऊ नका' म्हणावं, हे मला पटत नाही.

डॉ_नॉर्विच

मास्तर, मी 'घेऊ नका' म्हणत नाही. जिला दोन दारं उघडी आहेत तिने लांबचं दार धरू नये, इतकंच म्हणतो. गेटवेवाल्या ताईंचा टिकण्याचा मुद्दा मात्र वजनाचा आहे. पहिल्या वर्षात गळलेली मोठ्या वयाची हुशार माणसं मी पाहिली आहेत.

एक गोष्ट राहिली. २०२४ पासून एफ-वनची जागा गुणांवर ठरत नाही. संगणक प्रत्येकाला यदृच्छेने क्रमांक देतो आणि पसंतीप्रमाणे वाटप होतं. क्रमांक खाली आला तर लेस्टरच्या बाईला उत्तर आयर्लंडही मिळू शकतं.

गेटवेवाली

डॉक्टर, त्याला तोड आहे. अठरा वर्षांखालचं मूल सोबत राहत असेल आणि त्याच्या संगोपनाची मोठी जबाबदारी तुमच्यावर असेल, तर विशेष परिस्थितीखाली आधीच जागा ठरवून घेण्याचा अर्ज करता येतो. २०३३ ला वैदेहीताईंचं धाकटं चौदाचं असेल. एफ-वन अर्धवेळही करता येतं, मग मुदत वाढते.

सातारची_लेक

यूकासवर मेडिसिनच्या चारच जागा भरता येतात. डॉक्टरांचं आणि गेटवेवाल्या ताईंचं दोघांचंही ऐकून असं ठरवतेय: दोन अर्ज फाउंडेशन असलेल्या कोर्सना, पण लेखी उत्तर आल्यावरच, आणि दोन ॲक्सेस घेणाऱ्या पाच वर्षांच्या कोर्सना. दोन्हीकडून बोलावणं आलं तर मी फाउंडेशन घेईन. ते एक वर्ष मला महाग नाही, माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं ते विज्ञानाचं वर्ष आहे ते.

सिस्टर, तुमच्या रुग्णालयात ती अप्रेंटिसशिप कोणत्या महिन्यात निघते ते मात्र कळवा. आमच्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीला हवी आहे.

वॉर्डसिस्टर_लीड्स

कळवते. मैत्रिणीला गणित-इंग्रजी आत्ताच पूर्ण करून ठेवायला सांगा, तिथेच अर्ज अडकतात. आणि तुमचा बेत मला अजूनही पटलेला नाही.