कोकणच्या टूरआधी फ्रिक्शन शिफ्टर बसवू का? (३ × ९, ड्रॉप हँडल)

सह्यवाट

नमस्कार मंडळी,

साताऱ्याहून लिहितेय. माझी स्टीलची टूरिंग सायकल आहे, पुढे ३ आणि मागे ९ चकत्या, खाली वळलेलं ड्रॉप हँडल, ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये. गेल्या रविवारी यवतेश्वरचा घाट चढताना उजव्या लिव्हरने मान टाकली. आत ढकलली की नुसती फिरते, खट्ट होतच नाही. आधी केबलवर संशय होता म्हणून काढून पाहिली, केबल धड आहे. दोन ठिकाणी दाखवली. दोघांचंही एकच म्हणणं, आतले दाते गेलेत, दुरुस्ती नाही, जोडी बदला. ९ स्पीडची चांगली जोडी कुठे मिळेना. १० किंवा ११ वर जायचं तर कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), चेन, डिरेलर (चेन चकत्यांवर सरकवणारा भाग) सगळं आलं, आणि ते मला आत्ता झेपणारं नाही.

डिसेंबरच्या शेवटी एकटी निघायचं ठरलंय. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूण, पुढे गुहागर, तवसाळची जेटी, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि किनाऱ्याने मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत. परतीला आंबोली. दोन पॅनियर (कॅरिअरच्या पिशव्या) धरून १४ किलो सामान.

एका मैत्रिणीने सुचवलं, फ्रिक्शन शिफ्टर लाव. क्लिक नसलेला गिअर मी आयुष्यात वापरलेला नाही. ९ चकत्यांवर ते जमतं का? चढावर मधेच गिअर सुटला तर? आणि हँडलच्या टोकाला लावायचे, फ्रेमच्या नळीवर लावायचे की अंगठ्याने चालवायचे? ज्यांनी खरंच वापरलेत त्यांनी सांगा, प्लीज.

---

जेटीकाठ

ताई, बसवा. जमतं. मी ५७ वर्षांचा आहे, दापोलीकडे राहतो, आणि तुमच्या वाटेवरचे बहुतेक चढ फ्रिक्शनवरच चढलोय. जरा लांबण लागेल, पण तुम्ही एकट्या निघताय म्हणून नीट सांगतो.

आधी पैसे वाचवणारी गोष्ट. तुमची उजवी लिव्हर गिअरपुरती गेली आहे, ब्रेक म्हणून ती ठणठणीत असणार. ती काढू नका, ब्रेकसाठी तशीच राहू द्या. डावी तर चालूच आहे, पुढच्या तीन चकत्यांना ती पुरे. म्हणजे तुम्हाला फक्त मागच्या डिरेलरसाठी एक लिव्हर हवी आहे.

आता फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीकडे बघा. हँडलकडून येणाऱ्या गिअरच्या आउटर (केबलवरची आवरणं) जिथे संपतात, तिथे दोन्ही बाजूंना एकेक छोटा ॲडजस्टर स्क्रूने बसवलेला असेल. उजवीकडचा खोला. खाली चौकोनी बुंध्याची एक गोल गुंडी झाळलेली दिसली, तर तुमचं निम्मं काम झालं. तीच डाउनट्यूब शिफ्टरची बैठक. नवी लिव्हर थेट तिच्यावर बसते. हँडलची टेप उसवायची नाही, ब्रेकला हात लावायचा नाही. केबल लिव्हरमधून निघून नळीखालून सरळ मागे जाते, आउटरचा एकच वितभर तुकडा डिरेलरजवळ. वळणं कमी, त्यामुळे बोटाला केबल अगदी हलकी लागते.

माझ्या स्वतःच्या सायकलला हँडलच्या टोकाचे आहेत, शिमानोचे एसएल-बीएस७७, ९ स्पीडचे. त्यांची मागच्या गिअरची लिव्हर क्लिकवरही चालते आणि फ्रिक्शनवरही. कोकणात उतारावर हात हँडलवरून काढावा लागत नाही, म्हणून मला ते आवडतात. पण ते लावायचे तर टेप नवी, केबलचा मार्ग नवा, आणि सायकल भिंतीला टेकवताना लिव्हर आपटते ते वेगळंच. निघायला दीड महिना आहे. तुम्हाला मी डाउनट्यूबच सांगेन. अंगठ्याचे शिफ्टर विसरा, त्यांची पकड २२.२ मिलिमीटरच्या सरळ हँडलसाठी असते, ड्रॉप हँडल २३.८ चं.

९ चकत्यांवर जमतं का, तर हो. ७ स्पीडला दोन चकत्यांच्या मध्यांतलं अंतर ५ मिलिमीटर असायचं, ९ ला साधारण ४.३५. शिमानोच्या ९ स्पीडला एका गिअरसाठी केबल जेमतेम अडीच मिलिमीटर ओढली जाते. ऐकायला बारीक वाटतं, पण बोट ते पंधरा दिवसांत शिकतं. आणि आताच्या कॅसेटच्या दात्यांना बाजूने खाचा आणि उतार कोरलेले असतात, चेन स्वतःच वर चढायला बघते. आमच्या जुन्या फ्रीव्हीलला हे काहीच नव्हतं. शिमानोने ड्युरा-एसमध्ये क्लिकची पद्धत आणली ती १९८४ साली. तोवर रेसवाले मोठमोठे घाट फ्रिक्शनवरच मारत होते.

गिअर बदलायचा कसा, ते सांगतो. मागची लिव्हर आपल्याकडे ओढली की केबल ताणते आणि चेन मोठ्या चकतीवर जाते, म्हणजे हलका गिअर. आधी पायातला जोर काढा, पाय फिरत राहू देत. लिव्हर हव्या त्या जागेच्या केसभर पलीकडे ओढा. खर्र होऊन चेन चढते, त्याच क्षणी तो केसभर परत सोडा. आणि मग ऐका. टिकटिक येत असेल तर चेन शेजारच्या चकतीला घासतेय, किंचित इकडे किंवा तिकडे करा. आवाज बंद झाला की जागा बरोबर. लहान चकतीवर उतरताना पलीकडे न्यायची गरज नसते, नुसती सैल सोडायची, डिरेलरची स्प्रिंग ओढून घेते. पहिले चार दिवस तुम्ही मान वळवून मागे बघाल. बघू नका. कानच सांगतो.

किनाऱ्याच्या रस्त्यावर हे फार उपयोगी पडतं. प्रत्येक खाडीशी उतार संपतो, पूल किंवा साकव येतो, आणि लगेच वळणापलीकडे उभा चढ. आरे-वारेला तर असंच आहे. क्लिकच्या लिव्हरने जड गिअरवरून हलक्यावर यायला तीन-चार वेळा ढकलावं लागतं. इथे एका ओढीत पाच चकत्या पार होतात. फक्त वळणाच्या आधी ओढायचं, चढावर पूर्ण जोर लावलेला असताना नाही.

आणि मी फ्रिक्शनचा एवढा आग्रह का धरतो, ते. काही वर्षांपूर्वी दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जात होतो. सायकल कठड्याला टेकवली, बांधली नाही. जीप चढली, बोट हलली, सायकल उजव्या अंगावर पडली. वरवर काही झालेलं नव्हतं. धोपाव्याला उतरून चढाला लागलो आणि गिअर वेडेवाकडे पडायला लागले. एक क्लिक केला की दोन जायचे, दुसरा केला की एकही नाही. खाली वाकून मागून पाहिलं तर डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जिथे टांगलेला असतो ती पट्टी) आत वाकलेला, पुली चकत्यांच्या रेषेत नाही. क्लिकचं सगळं गणित हँगर सरळ असण्यावर असतं. मी लिव्हरवरची कडी फिरवून फ्रिक्शनवर टाकली, एल लिहिलेला स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, म्हणजे डिरेलर चाकाच्या स्पोकमध्ये जाणार नाही, आणि सगळ्यात मोठी चकती सोडून उरलेल्या आठ वापरत गुहागर गाठलं. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीही. तिथे हँगर सरळ करून मिळाला. त्यानंतर मी कडी पुन्हा क्लिकवर नेलेली नाही.

---

तारआणिचाक

जेटीकाठ काकांनी सगळं सांगितलंय. मी कोल्हापुरात सायकली दुरुस्त करतो, म्हणून केबलचं तेवढं सांगतो, कारण त्यात लोक जीव धोक्यात घालतात.

गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या. गिअरच्या जागी ब्रेकची आउटर लावली तर फ्रिक्शनवर चालून जातं, थोडं पचपचीत लागतं एवढंच. उलटं कधीच करू नका. ब्रेकला गिअरची आउटर लावली तर जोरात ब्रेक दाबल्यावर ती फाटते. उतारावर फाटली तर ब्रेकच गेला. वाटेत कुणी "एकच असतं सगळं" म्हणून लावायला लागला तर थांबवा त्याला.

इनर, म्हणजे आतली तार, १.२ मिलिमीटरची घ्या, स्टेनलेसची. कोकणातल्या हवेत साधी इनर लवकर गंजते. बॉटम ब्रॅकेटखाली (पॅडलच्या आसाच्या नळीखाली) केबलसाठी प्लॅस्टिकचा खाचेचा तुकडा असतो, तिथे चिखल बसतो. निघण्याआधी तो धुऊन घ्या. झिजून केबल धातूवर घासत असेल तर बदला, किरकोळ किमतीचा असतो.

आणि डिरेलरला दोन्ही टोकांना अडवणारे एच, एलचे स्क्रू फ्रिक्शनलाही तेवढेच लागतात. उलट जास्त. क्लिकची लिव्हर शेवटच्या गिअरनंतर स्वतः अडते, ही अडत नाही. दोन्ही टोकं स्टँडवर तपासा, एका हाताने लिव्हर जोरात ओढून बघा, चेन स्पोककडे जाता कामा नये.

---

रोजचीफेरी

मी थोडं वेगळं सांगते. पुण्यात रोज १६ किलोमीटर ऑफिसला जाते. दोन वर्षं डाउनट्यूब फ्रिक्शन वापरलं आणि काढून टाकलं. दर सिग्नलला हात हँडलवरून खाली न्यायचा, पुढे रिक्षा, शेजारी बस, खड्डा कधी येईल सांगता येत नाही. मला ते सुरक्षित वाटलं नाही. शिवाय माझी १० स्पीड होती. तिथे चकत्यांमधलं अंतर आणखी कमी, आणि घाईत मी कायम दोन चकत्यांच्या मधे अडकायचे.

टूरसाठी बसव, पण शहरातून जाताना, चिपळूण किंवा रत्नागिरीत शिरण्याआधीच मधल्या गिअरवर ये आणि तसंच पार हो. आणि सराव रिकाम्या सायकलवर करू नकोस. पॅनियर भरूनच कर. सामानाने हँडल डोलतं, एक हात काढला की कळतं.

---

जेटीकाठ

रोजचीफेरी यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. शहरात क्लिकच बरे. आणि भरल्या सामानाने सराव, हे मी सांगायला हवं होतं.

---

सह्यवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. गुंडी सापडली! ॲडजस्टर खोलला तर खाली अगदी तुम्ही सांगितली तशी चौकोनी बुंध्याची. वापरलेली जोडी मिळाली, डावी लिव्हर सुटा भाग म्हणून ठेवलीय. काल बसवली. दोन्ही टोकं तपासली. घराजवळ अर्धा तास मस्त चाललं, आणि "आवाज बंद झाला की जागा बरोबर" हे दहाव्या मिनिटाला कळलं.

आज सकाळी पॅनियर भरून यवतेश्वरला गेले. तिसऱ्या वळणावर उभी राहून पॅडल मारायला लागले आणि मोठ्या चकतीवरची चेन आपोआप खालच्या चकतीवर घसरली. लिव्हर हळूच पुढे सरकली होती. दोनदा झालं. पाय सटकून गुडघ्याला लागलं, फार नाही. लिव्हर खराब आहे का?

---

जेटीकाठ

लिव्हर खराब नाही, सैल आहे. तिच्या मधल्या स्क्रूला एक अर्धगोल कडी असते, बोटाने उचलता येते. मोठ्या चकतीवर स्प्रिंगचा ओढा सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे घट्टपणा तिथेच तपासायचा. उभं राहून जोर लावला की फ्रेमही जराशी वळते आणि तो ताण केबलमध्ये येतो. कडी पाव फेरा आवळा, पुन्हा त्याच वळणावर जा. लिव्हर सरकायची थांबेल पण दोन बोटांनी सहज ओढता येईल, एवढीच घट्ट. टूरवर रोज सकाळी निघताना बघायची सवय ठेवा.

एक विचारतो, बसवताना आत तेल किंवा ग्रीस सोडलंत का?

---

सह्यवाट

हो. वायसरांना दोन थेंब तेल सोडलं होतं, जुनी आहे म्हणून.

---

तारआणिचाक

तेच कारण. या लिव्हरचं काम घर्षणावर आहे. खोला, वायसर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा, फोटो काढा, स्पिरिटने पुसून कोरडे करा आणि तसेच परत लावा. रॅचेट असलेल्या लिव्हर येतात, सनटूरच्या जुन्या, त्यांच्या आत बारीक कटकट होते, ती गोष्ट वेगळी. तुमची साधी आहे, कोरडीच ठेवा.

---

सह्यवाट

पुसली. पाच वायसर निघाले, एक तर तेलाने दुसऱ्याला चिकटूनच बसला होता. कोरडे करून लावले, कडी पाव फेऱ्याहून जरा कमी आवळली.

आज पुन्हा तेच तिसरं वळण. उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. लिव्हर जागची हलली नाही. वर पोचल्यावर कासच्या रस्त्याने पुढे गेले, येताना उतारावर एकदा दोन चकत्यांच्या मधे अडकले, टिकटिक ऐकली आणि न बघता सरळ केलं. उजव्या हाताला आता ती जागा माहीत झालीय.

सामानाच्या यादीत डावी लिव्हर, १.२ च्या दोन इनर, स्पिरिटची छोटी बाटली आणि सायकल बोटीवर बांधायला दोरी घातलीय. २१ ला पहाटे निघतेय, पहिला मुक्काम कोयनानगर. काका, तवसाळच्या जेटीवर सायकल उजव्या बाजूने टेकवणार नाही, आणि बांधल्याशिवाय सोडणार नाही.