भाची 17 वर्षांची, इंटर्नशिप 12 आठवड्यांची, स्टायपेंड शून्य. पाठवावं का?

भोसरीचा मामा:
नमस्कार मंडळी. भाची मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे (एमएसबीटीई म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ, त्यांचा 'के स्कीम' अभ्यासक्रम). चौथं सेमिस्टर संपलं की 12 आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. 18 पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे. सध्या तीन पर्याय आहेत.

पहिला, भोसरी एमआयडीसीतलं जॉबवर्कचं (दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देणारं) शॉप. चार सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन), पंधराएक माणसं. वेळ 9 ते 6, पैसे नाहीत. दुसरा, चाकणची मोठी कंपनी, पण कॉन्ट्रॅक्टरमार्फत. महिना 9,000 रुपये, बस, कॅन्टीन; काम असेंब्ली लाइनवर आणि शिफ्ट फिरती. तिसरा, एक एजन्सी. 5,000 रुपये भरा, घरी बसून व्हिडिओ बघा, सर्टिफिकेट घ्या.

ताई म्हणते फुकट कशाला राबायचं, चाकणला जाऊ दे. भावजी म्हणतात सर्टिफिकेट आणा आणि सुट्टीत क्लास लावा. ज्यांना शॉपमधलं आणि नियमांतलं कळतं त्यांनी सांगा: यात रास्त काय, आणि पोरीच्या हाती काय लागेल?

सेटरकाका:
एजन्सीचं नाव काढू नका. उरले दोन. लाइनवर तिला एक स्टेशन मिळेल, चार बोल्ट आणि एक टॉर्क रेंच. ते काम दोन दिवसांत येतं, पुढचे 70 दिवस तेच. पैसे मिळतील, शिकण्यासारखं फार नाही. छोटं शॉप शिकायला चांगलं, पण मालकाशी आधी नीट बोलून घेतलं तरच. नाहीतर तिथे वेगळा सापळा असतो: डीबरिंग (पार्टच्या कडांची बारीक धार फाइलने काढणं) आणि पॅकिंग.

तो सापळा का लागतो ते समजून घ्या. डीबरिंगला शिकवावं लागत नाही, माणूस कायम कमी असतो, आणि फाइल हातात दिली की इंटर्न कुणाला प्रश्न विचारत नाही. मालक दुष्ट असतो असं नाही. शिकवायला सेटरचा (मशीन लावून देणाऱ्याचा) वेळ जातो आणि तो त्याला परवडत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा की डीबरिंग आठवडाभर, त्यापुढे नाही.

बाकीचे आठवडे साधारण असे जावेत. सुरुवातीला ड्रॉइंग वाचणं आणि मोजणं, निदान दोन-अडीच आठवडे तपासणीच्या टेबलावर. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01, हे पोरं परीक्षेत लिहितात, पण 25 एच7 चं बोअर (25 मिमीचं भोक, सूट: वरची मर्यादा +0.021 मिमी, खालची शून्य) व्हर्नियरने तपासायला धावतात. तिथे बोअर गेज किंवा प्लग गेजच लागतो. मायक्रोमीटर रॅचेटने बंद करायचा, आधी झिरो बघायचा. मशीनमधून आत्ताच निघालेला गरम जॉब (बनत असलेला पार्ट) मोजायचा नाही: 50 मिमीचा स्टीलचा जॉब 30 अंशांनी तापला तर व्यास सुमारे 17 मायक्रॉनने जास्त दिसतो. तो 'ओव्हरसाइज' समजून ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) कमी केला की पुढचे जॉब थंड झाल्यावर अंडरसाइज. आणि अंडरसाइज शाफ्ट म्हणजे थेट भंगार.

मग ऑपरेटरशेजारी उभं राहून लोडिंग-अनलोडिंग आणि दर पाचव्या जॉबची नोंद. त्यानंतर वेअर ऑफसेट (टूल झिजल्यामुळे करायची मापाची दुरुस्ती). फॅनुकवर (सीएनसी मशीनचा कंट्रोलर) नवख्यांचे तीन घोळ ठरलेले. दशांश चिन्ह विसरणं, चिन्ह उलटं टाकणं (बाहेरचा व्यास 25.03 आला आणि 25.00 हवा असेल तर वजा 0.03, बोअर लहान आलं तर अधिक), आणि '+इनपुट' (आधीच्या आकड्यात मिळवतो) ऐवजी 'इनपुट' (आधीचा पुसतो) दाबणं. आधीचा वजा 0.05 पुसून तिथे नुसता वजा 0.03 बसतो, आणि जॉब कमी होण्याऐवजी वाढतो. हे तिला स्वतःच्या तोंडाने समजावता आलं तर इंटर्नशिप झाली म्हणा.

शेवटच्या चार आठवड्यांत सेटिंग बघायला मिळालं पाहिजे. सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) जॉबच्या मापाला बोअर करणं, टूल टच-ऑफ (टूल जॉबला टेकवून त्याचं माप घेणं), सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ चालवत) पहिला जॉब, हात फीड ओव्हरराइडवर (वेग कमी-जास्त करायच्या बटणावर). स्वतः सेटिंग करू देणार नाहीत आणि देऊही नये.

सुरक्षेचं थोडक्यात: फिरत्या चकजवळ (जॉब पकडणाऱ्या भागाजवळ) हातमोजे नाहीत, ओढणी नाही, अंगठी-कडं-धागा नाही, केस टोपीत. चिप हुकानेच काढायची आणि तीही स्पिंडल थांबल्यावर. सेफ्टी शूज पहिल्या दिवसापासून.

कलमबहाद्दर:
कायद्याची बाजू सांगतो, कारण वय 17 आहे हे सगळे विसरतात.

डिप्लोमाची इंटर्नशिप आणि 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालची अप्रेंटिसशिप या वेगळ्या गोष्टी. दुसरीत नोंदणीकृत करार लागतो, अल्पवयीन असेल तर पालकाची सही, आणि किमान स्टायपेंड ठरलेला असतो. 2019 च्या सुधारित नियमांत तो 5वी ते 9वी शिकलेल्यांना 5,000, दहावी पास 6,000, डिप्लोमाधारक 8,000 असा होता. 2025 मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलने 36 टक्के वाढीची शिफारस केली, म्हणून आजचा आकडा अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर बघा. तुमच्या भाचीला हे बंधन लागू होत नाही, पण मालकाशी बोलताना मोजपट्टी म्हणून हा आकडा हाताशी ठेवा. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा उल्लेख कुणी करेल. ती 18 ते 35 वयासाठी आहे, इथे उपयोग नाही.

आता बाल व किशोरवयीन कामगार कायदा, 1986 चा, 2016 ला सुधारलेला. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक प्रक्रियांत काम 'करू देणं'सुद्धा मना आहे. म्हणजे पगार दिला नाही, ती स्वखुशीने आली, हा बचाव चालत नाही. फाउंड्री (ओतकाम), इलेक्ट्रोप्लेटिंग आणि धातूचं ग्राइंडिंग (घासणं) धोकादायक प्रक्रियांच्या यादीत येतं. त्यामुळे शॉपमध्ये सरफेस ग्राइंडर किंवा पेडेस्टल ग्राइंडर असेल तर तिथे तिचं काम नाही, टूल घासायलाही नाही.

बाकीच्या आस्थापनांत (वर्कशॉप त्यात आलं) किशोरवयीनांसाठी वेळ ठरलेली आहे: सलग तीन तासांनंतर किमान एक तास सुट्टी, सुट्टी धरून दिवस सहा तासांचा, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याची सुट्टी हवी. 9 ते 6 यात बसत नाही. चाकणची फिरती शिफ्ट तर मुळीच नाही. 'हे प्रशिक्षण आहे, काम नव्हे' असं मालक म्हणेल. मशीनवर उत्पादन काढून घेत असेल तर ते म्हणणं लंगडं आहे, असं माझं मत.

वर्कशॉपचे सर:
सेटरकाकांच्या यादीला कागदाची जोड देतो, कारण पोरं शिकून येतात आणि डायरीत 'आज मशीनचे निरीक्षण केले' एवढंच लिहितात. तोंडी परीक्षेत मग पंचाईत.

रोज सहा ओळी पुरे: पार्टचं काम काय (नाव नको), मटेरियल (ईएन8, एसएस304 वगैरे स्टीलचे प्रकार), कोणतं ऑपरेशन, सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ), कशाने मोजलं, किती रिजेक्ट आणि का. रिजेक्शनचं कारण शोधून लिहिणं हा डायरीतला सगळ्यात मोलाचा भाग. ग्राहकाच्या ड्रॉइंगचा फोटो काढायचा नाही. आपल्या हाताने, मापांशिवाय रेखाटन करायचं. मोबाइलने ड्रॉइंगचा फोटो काढला म्हणून मुलाला परत पाठवणं हे सर्रास घडतं आणि त्यात कंपनीची चूक नसते.

जाण्याआधी कॉलेजकडून घ्या: इंटर्नशिपचं पत्र, मेंटॉरचं नाव, विद्यार्थी अपघात विम्याची प्रत. विमा फक्त कॉलेजच्या आवारात लागू आहे की बाहेरही, हे पॉलिसीत वाचा. मुलीचं कायद्याप्रमाणे 'दिवसाला सहा तास' हेही कॉलेजकडून लेखी मागा, म्हणजे मालक आणि कॉलेज दोघांची वेळेवरून ओढाताण होणार नाही.

एजन्सीबद्दल: व्हिडिओ बघून आलेला विद्यार्थी 'जॉब कसा पकडला होता?' या पहिल्याच प्रश्नाला अडकतो. परीक्षक दुसरा प्रश्न विचारतच नाहीत.

तिरकस टर्नर:
सगळं ठीक, पण 'शिकायला मिळतंय ना' म्हणून शून्य रुपये हे मला पटत नाही. हिशोब करा. 12 आठवडे, आठवड्याला 6 दिवस, 72 दिवस. येण्या-जाण्याचे रोज 60 धरले तर 4,320. सेफ्टी शूज हजारेक. डबा वेगळा. ज्या घरात पोराच्या सुट्टीतल्या कमाईवर पुढची फी भरतात, तिथे ही इंटर्नशिप म्हणजे दंडच. मग अशीच पोरं एजन्सीकडे वळतात, कारण 5,000 भरून सुट्टीभर दुसरीकडे काम करता येतं. त्यांना नावं ठेवण्याआधी हे बघा.

माझी कसोटी साधी. ती एक दिवस आली नाही तर शॉपचं उत्पादन अडतं का? अडत नसेल तर ती शिकतेय. प्रवासखर्च आणि शूज शॉपने द्यावेत, बस्स. अडत असेल, म्हणजे तिच्या नावावर मशीन लावून संध्याकाळी आकडा विचारला जात असेल, तर ती कामगार आहे, आणि त्याचे पैसे मागायला लाजायचं कारण नाही. बहुतेक ठिकाणी ही रेघ पाचव्या-सहाव्या आठवड्यात ओलांडली जाते. ऑपरेटर सुट्टीवर जातो आणि 'पोरगी आहे की' म्हणून तिला उभं करतात.

सेटरकाका:
@तिरकस टर्नर, प्रवासखर्चाचं मान्य. पंधरा माणसांच्या शॉपला महिन्याला दीड-दोन हजार जड नाहीत. एका बॉक्समधल्या दहा इन्सर्टना (टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टोकांना) तेवढे सहज जातात. पण सुरुवातीच्या महिन्यात इंटर्न शॉपचा तोटाच करते, हेही धरा. एक बोरिंग बार (भोक मोठं करायचं टूल) चकला धडकला की सगळा हिशोब उलटा. म्हणून मी म्हणेन: पहिला महिना फक्त प्रवासखर्च, पुढे स्वतंत्र लोडिंग करू लागली की स्टायपेंड. हे आधीच कागदावर घ्या, तोंडी नको.

भोसरीचा मामा:
सर्वांचे आभार. चाकण आणि एजन्सी दोन्ही बाद. शॉपमालकाशी बोललो: 10 ते 4 वेळ, मध्ये 1 ते 2 सुट्टी, यावर तयार आहेत, प्रवासखर्च देतो म्हणाले. स्टायपेंडचं 'बघू' म्हणाले. शॉपमध्ये टूल घासायला पेडेस्टल ग्राइंडर आहे. अजून काय विचारून ठेवू?

कलमबहाद्दर:
पत्रात 'ग्राइंडिंग विभागात काम देणार नाही' असं एक वाक्य घालून घ्या. अपघात झाला तर कुठल्या दवाखान्यात नेणार आणि कुणाला फोन करणार, हे विचारा. 'बघू'ला तारीख लावा: पाचव्या आठवड्याचा शनिवार. मुलींसाठी वेगळं टॉयलेट आहे का, तेही स्वतः जाऊन बघा. छोट्या शॉपमध्ये पुष्कळदा नसतं आणि याच कारणाने मुली तिसऱ्या दिवशी जायचं बंद करतात.

वर्कशॉपचे सर:
आणि सेटर कोण आहे ते बघा. मालकाशी कितीही बोललात तरी तिला शिकवणार तोच. 'माझ्या मशीनला हात लावू नको' म्हणणारा असेल तर व्हीएमसीवाल्याकडे बसवायला सांगा.