इच्छा शोधायला देहव्यवसायात? (चर्चा)

निरगाठ

तेविशी-चोविशीची, शिकलेली, खाऊनपिऊन सुखी मुलगी स्वतःला काय हवंय हे कळावं म्हणून पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवते, ही मांडणी हल्ली कथांतून आणि मुलाखतींतून वारंवार येते. लग्नाच्या बाजारात किंमत दुसरे ठरवतात, इथे ती स्वतः ठरवते, असा त्यातला युक्तिवाद.

माझं मत असं की यातून तिला स्वतःबद्दल पुष्कळ कळतं, फक्त इच्छेबद्दल कळत नाही. गिऱ्हाईक शरीराबरोबर 'हिलाही हे हवंय' हा अभिनयही विकत घेतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावरून भावनिक श्रमाची, म्हणजे पगारासाठी भावना दाखवण्याच्या कामाची, कल्पना मांडली. त्यात दोन प्रकार आहेत. पहिला वरवरचा: हसू ओठांवर, मन दुसरीकडे. दुसऱ्यात ती भावना खरोखरच मनात उत्पन्न करायची. दुसरा रोज केला की कामापुरती आणलेली भावना कोणती आणि आपली कोणती, याचा पत्ता लागेनासा होतो. पोटासाठी आलेली बाई पहिल्यावर भागवते. इच्छा शोधायला आलेली मुलगी नेमकी दुसऱ्यात शिरते. म्हणजे जिला गरज कमी, तिलाच आतून धोका जास्त.

आडवळण

पूर्ण असहमत. जरा मुरलेली कुठलीही बाई यातून वाट काढते. कामापुरतं नाव वेगळं, कपडे-अत्तर वेगळं, काही कृती फक्त खाजगी आयुष्यासाठी राखलेल्या (चुंबन बहुतेक वेळा याच यादीत), वेळ संपली की संपली. टीला सँडर्स यांनी ब्रिटनमधल्या बायकांचा अभ्यास करून २००५ च्या सुमारास हेच दाखवलं: कामासाठी एक ओळख मुद्दाम घडवली जाते आणि खरी तिच्याआड सुरक्षित राहते. 'हे करेन, हे नाही' अशी यादी करायला बसलं की स्वतःची ओळख होणारच. लग्नात किती जणींना अशी यादी नवऱ्यासमोर ठेवता येते, तेही सांगा.

या सीमारेषेत एक खाच मात्र आहे. कंडोम 'कामाचा' ठरला की प्रियकरासोबत तो वापरणं परकं वाटू लागतं. मग संसर्ग येतो तो बरेचदा त्या दाराने.

निरगाठ

यादी करणं आणि ती पाळता येणं यात अंतर आहे. दोन-तीन महिन्यांचं भाडं बाजूला असेल तर नकार देता येतो. ते संपलं की यादीतली एकेक ओळ गळते, आणि गळाली तेव्हा तिला वाटतं की आपल्यालाच हे हवं होतं.

कलमबहाद्दर

तात्त्विक चर्चा चालू द्या, पण भारतात ही मुलगी कायद्याच्या कुठल्या खणात बसते ते बघा. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, बोलीत पिटा. सज्ञान बाईने स्वेच्छेने, एकटीने, खाजगी जागेत पैसे घेऊन संबंध ठेवणं हा यात गुन्हा नाही. आजूबाजूचं जवळपास सगळं गुन्हा आहे. एकमेकींच्या सोबतीसाठी दोघींनी मिळून खोली घेतली की तो कुंटणखाना. तिच्या कमाईवर जाणूनबुजून राहणारी अठरा वर्षांवरची कोणीही व्यक्ती कलम ४ खाली येते, म्हणजे आजारी आई किंवा कॉलेजातला भाऊसुद्धा. देऊळ, शाळा-कॉलेज, हॉटेल, रुग्णालय यांपासून २०० मीटरच्या आत असेल तर कलम ७. शहरात अशी जागा नकाशावर शोधून दाखवा. गिऱ्हाईक शोधायला उघड खुणावलं की कलम ८.

१९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान आणि राजी असलेल्या बाईच्या आड पोलिसांनी येऊ नये, छाप्यात तिला अटक, दंड वा छळ होऊ नये, आणि माध्यमांनी तिची ओळख उघड करू नये, असं स्पष्ट केलं. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींची पोलिसांनी केलेल्या 'सुटके'नंतर झालेल्या डांबणुकीतून सुटका केली. खालच्या कोर्टाने त्यांना वसतिगृहात ठेवायचा आदेश दिला होता. स्वतःला शोधायला निघालेली मुलगी आधी अशा वसतिगृहात बसेल, हे लक्षात ठेवा.

झणझणीत

तुम्ही सगळे तिच्याबद्दलच बोलताय. समोरचा पुरुष कुठे आहे? 'नवखी', 'स्वतःच्या मर्जीने आलेली', 'हिला आवडतं' याच गोष्टींना बाजारात सर्वात जास्त मागणी. तिचा शोध हाच माल झाला! आपल्याकडची शृंगारिक लावणी आठवा. विरह बाईचा, तगमग बाईची. लिहिणारे राम जोशी, होनाजी बाळा. दाद देणारे दरबारातले पुरुष. बाईच्या वासनेची भाषाच इथे पुरुषांनी बेतून दिली आहे. ती बोलून दाखवण्याचे पैसे मिळतात म्हणून ती तिची होत नाही. स्वीडनने १९९९ पासून विकणारीला सोडून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, तेच बरोबर.

आडवळण

लावणीचं पटलं. स्वीडनचं नाही. गिऱ्हाईकाला पकडलं जाण्याची भीती असली की तो खरं नाव, खरा नंबर देत नाही. गिऱ्हाईक पारखायला लागणारी दहा-पंधरा मिनिटं मग दोन मिनिटांवर येतात आणि गाडीत बसल्यावर बोलणी होतात. धोका तिच्याच पदरात.

न्यूझीलंडचा २००३ चा कायदा बघा. चौघींपर्यंत स्वतःच्या मालकीने एकत्र काम करता येतं, परवाना लागत नाही. पैसे ठरले म्हणजे संमती दिली असं होत नाही, मधेच थांबता येतं. काम नाकारलं म्हणून सरकारी भत्ता बंद करता येत नाही. निरगाठ यांना हवा असलेला भाड्याचा आधार थोडाफार इथे आहे. दोष असा की तात्पुरत्या व्हिसावरच्या बायकांना यातून वगळलंय.

निरगाठ

बेल्जियमने डिसेंबर २०२४ पासून नोकरीचा करारही दिला. त्यात नकाराचा हक्क आहे, पण सहा महिन्यांत दहापेक्षा जास्त नकार झाले की ती किंवा तिचा मालक, कोणीही सरकारी मध्यस्थ बोलावू शकतो. इच्छेचे नकार हिशेबवहीत!

दवापाणी

मुलगी एकटी काम करते, हा मुद्दा कोणी घेत नाहीये. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेत किंवा कोलकात्याच्या सोनागाछीत नव्या बाईला जुनी बाई शिकवते. फ्लॅटमधल्या एकटीला कोण सांगणार? म्हणून थोडक्यात. खोबरेल, व्हॅसलीन, लोशन लावलं की लॅटेक्सचा कंडोम विरतो. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण वापरायचं. एकावर एक दोन घातले की घासून फाटतात. फाटलाच तर योनी आतून पाण्याने धुऊ नये. एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या (पेप) ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस एकही न चुकवता. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी वेगळी, तिने संसर्ग थांबत नाही. दुसऱ्या दिवशीची एचआयव्ही तपासणी फक्त आधीची स्थिती सांगते. या प्रसंगाचं कळायला चौथ्या पिढीच्या चाचणीलाही ४५ दिवस लागतात, पेप घेतली असेल तर डॉक्टर त्याहून पुढची तारीख देतात.

कलमबहाद्दर

'मी फक्त ऑनलाइन' म्हणणाऱ्यांसाठी: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ लैंगिक कृतीचा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला लागतं. स्वतःचा व्हिडिओ स्वतः टाकला तरी सूट नाही. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. यूपीआयने पैसे घेतले की बँकेतलं खरं नाव समोरच्याला दिसतं. आडवळण यांची 'घडवलेली ओळख' तिथेच संपते.

झणझणीत

म्हणजे पळून जायलाही कागदावर खरं नावच लागतं.

आडवळण

वयाचा मुद्दा राहिला. जर्मनीत २०१७ च्या कायद्याने नोंदणी आणि आरोग्य सल्ला सक्तीचा केला. सल्ला वर्षातून एकदा, पण एकवीसच्या आतल्यांना दर सहा महिन्यांनी. सक्तीची नोंदणी मला मान्य नाही, पुष्कळजणी तिच्यामुळेच लपून काम करतात. पण विशीतल्या मुलीला वर्षातून दोनदा कोणीतरी एकटीला गाठून, दार लावून विचारावं, एवढं त्यातून घ्यायला माझी हरकत नाही.

निरगाठ

विचारणारी बाई त्या कामातून गेलेली असेल तर माझीही नाही. सरकारी टेबलामागची असेल, तर तिच्यासमोरही अभिनयच होईल.