गावच्या बंद घराबाहेर मोशन कॅमेरा लावायचाय, कुठला घेऊ?

चाकरमानी_७२: राजापूरजवळ आमचं घर आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपच. गेल्या वर्षी परसातले नारळ कुणीतरी पाडून नेले, मग पडवीतला तांब्याचा हंडापण गेला, शेजारचे काका लक्ष ठेवतात पण त्यांचंही वय झालं, ते तरी किती बघणार. कुणी आलं की तेवढंच रेकॉर्ड करून मोबाईलवर कळवेल असा कॅमेरा हवाय. वायफाय नाही, आणि पावसात लाईट दोन दोन दिवस नसते. बजेट सात-आठ हजार.

सर्किट_जळालं: मॉडेल नंतर, आधी तो हालचाल ओळखतो कशी ते बघा. साधे कॅमेरे चित्रातला फरक बघतात, म्हणजे झावळी हलली तरी मोबाईल वाजणार. मी पहिला तसलाच घेतलेला, दोन दिवसात वैतागून नोटिफिकेशन बंद केलं, मग कॅमेरा असून उपयोग काय? पीआयआर सेन्सरवाला घ्या. तो हलणारी उष्णता टिपतो आणि एरवी कॅमेरा झोपलेला असतो म्हणून बॅटरी पुरते. तुम्हाला फोरजी सिम आणि सोलारवाला लागेल, आयपी 66 (धूळ-पाणी आत न शिरण्याचं रेटिंग) तरी बघा.

आता जागा, कारण निम्मा खेळ इथेच आहे. पीआयआरला माणूस आडवा गेला की पटकन कळतं, सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला तर उशिरा, म्हणून बेड्याच्या (अंगणाच्या फाटकाच्या) बरोब्बर समोर लावू नका, बाजूच्या भिंतीवर तिरका लावा. उंची आठ-दहा फूट, तोंड किंचित खाली, पूर्व-पश्चिम टाळा नाहीतर सूर्य थेट लेन्समध्ये. आणि मे महिन्यात भर दुपारी काकांना समोरून चालवलं आणि काहीच वाजलं नाही तर कॅमेरा परत करू नका, चिरा तापून अंगाइतका गरम झाला की सेन्सरला फरकच कळत नाही. टेस्ट रात्री घ्या.

माडाखाली: +1 पीआयआरला. पण सोलार पॅनल कॅमेऱ्यालाच चिकटलेलं घेऊ नका, वायरवालं वेगळं घ्या. कॅमेरा पडवीच्या वळचणीला आणि पॅनल ऊन असेल तिथे, दक्षिणेकडे तोंड करून. आमचं फणसाच्या सावलीत होतं, जुलैत आठ दिवस ऊन नाही आणि कॅमेरा गपगार. बॅटरी मोठी बघा आणि पावसाळ्यात क्लिप दहा सेकंदांचीच ठेवा.

चाकरमानी_७२: वानरं खूप आहेत आमच्याकडे, त्यांचं काय? आणि कॅमेरा लपवू का दिसू दे?

सर्किट_जळालं: सेन्सरला वानर काय नि माणूस काय, दोन्ही गरमच. अॅपमध्ये फक्त माणूस ओळखायची सोय असते ती चालू करा, तरी एखादं घुसेलच. मी तरी दिसू देईन, चोर आलाच नाही तर बरं ना. रात्रीसाठी कॅमेऱ्यात इन्फ्रारेड एलईडी असतात, 850 नॅनोमीटर तरंगलांबीवाल्या अंधारात लालसर दिसतात पण लांबचं बरं दिसतं, 940 वाल्या दिसत नाहीत पण पल्ला कमी. तुम्हाला 850 चालेल.

नाखवा: कुणी कोळ्याबद्दल बोललंच नाही! एलईडीवर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोर जाळं झालं की रात्री सगळं पांढरंफटक. काकांना महिन्यातून एकदा झाडू फिरवायला सांगा. पासवर्ड बदला, आणि कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्या न्हाणीकडे नको, नाहीतर कॅमेरा राहील नि काका बोलायचे बंद होतील.

माडाखाली: मेमरी कार्डावर भिस्त नको, चोर कॅमेराच उपटून नेईल, क्लाऊड घ्या. आणि जिथे लावणार तिथेच मोबाईल धरून रेंज बघा, आमच्याकडे अंगणात चार काड्या आणि वळचणीखाली एक.

चाकरमानी_७२: हे भारीच. रविवारी जातोय, आधी दोन कंपन्यांची सिम घेऊन भिंतीभोवती फिरतो मग कॅमेरा मागवतो. आमच्या घराची काकांच्या न्हाणीकडची भिंतच सगळ्यात सोयीची आहे बघा 😅 आता दुसरी शोधतो.